समुद्रात गेलेल्यांची नावं कुठे असतात?

प्रश्न : ‘लढाईत बोटीवर गेले आणि बोटीसकट गेले’ एवढंच आमची आजी तिच्या वडिलांबद्दल सांगायची. ते फौजेत नव्हते, साधे खलाशी होते. लढाईत पडलेल्या शिपायांच्या नावाने गावोगाव दगड दिसतात. समुद्रात बुडालेल्या खलाशांची नावं कोणी, कुठे लिहून ठेवली आहेत का? – एक वाचक, राजापूर

लिहून ठेवली आहेत, आणि ती मुंबईतच आहेत. मस्जिद बंदर स्टेशनाला पूर्वेकडे उतरायचं आणि गोदीच्या अंगाने पी. डिमेलो रोडवर यायचं. (याचं जुनं नाव फ्रेअर रोड. गोदीजवळच्या रस्त्याला गोदी कामगारांच्या पुढाऱ्याचं नाव मिळालं, हे मुंबईतल्या रस्त्यांच्या बारशांपैकी मला मनापासून पटलेलं एक बारसं.) तिथे ‘इंडियन सेलर्स होम’ आहे. बोटीवरून उतरलेल्या किंवा पुढच्या बोटीची वाट पाहणाऱ्या खलाशांच्या मुक्कामाची ही जागा. दोन्ही महायुद्धांत समुद्रात गेलेल्या हिंदी खलाशांची स्मारकं याच इमारतीत आहेत. पहिल्या महायुद्धातले दोन हजारांहून अधिक खलाशी आणि दुसऱ्यातले सुमारे साडेसहा हजार. दुसऱ्या महायुद्धाचं स्मारक म्हणजे नावांची वही आहे. तिची दुसरी प्रत बांगलादेशात, चितगावच्या युद्ध-दफनभूमीत ठेवली आहे, कारण त्या नावांतली पुष्कळ माणसं पूर्व बंगालची होती. फाळणीत टेबलखुर्च्यांची वाटणी झाली, तशी मेलेल्यांची करता आली नाही. यादी अख्खी दोन्हीकडे राहिली.

गावातल्या दगडाबद्दल मात्र एक दुरुस्ती सुचवतो. पुन्हा जाल तेव्हा तो नीट वाचा. पहिल्या महायुद्धानंतर सरकारने गावोगाव, चावडीवर किंवा एखाद्या भिंतीत, ज्या संगमरवरी पाट्या बसवल्या त्यांच्यावर बहुधा नावं नसतात. या गावातून इतके जण लढाईला गेले, पैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढा हिशेब असतो. कलकत्त्याला गंगेकाठी, प्रिन्सेप घाटाजवळ, खलाशांचं चांगलं शंभर फूट उंच स्मारक आहे. बंगालचे गव्हर्नर लॉर्ड लिटन यांनी १९२४ मध्ये त्याचं उद्घाटन केलं. पाटीवर बंगाल आणि आसामच्या ८९६ खलाशांचा उल्लेख आहे, पण तोही आकड्याने. म्हणजे कलकत्त्याला मनोरा आहे आणि नावं नाहीत, मुंबईला नावं आहेत आणि मनोरा नाही. दोहोंतून एकच मिळणार असेल, तर तुमच्यासारख्याला मुंबईचं स्मारक जास्त उपयोगाचं.

आता हे लोक कोण होते ते सांगतो, कारण पणजोबांना शोधताना त्याचा उपयोग होईल. पहिलं महायुद्ध पेटलं तेव्हा ब्रिटिश व्यापारी जहाजांवर पन्नास हजारांच्या वर हिंदी खलाशी काम करत होते. साहेबाच्या कागदांत ते सगळे ‘लास्कर’. मुंबईहून भरती होणाऱ्या बोटींवर कामाची वाटणी मुलखाप्रमाणे ठरून गेलेली असे. डेकवर रत्नागिरीकडचे, त्यांत कोकणी मुसलमान पुष्कळ, आणि सुरत-काठेवाडचे. इंजिनखोलीत पंजाबी आणि पठाण. जेवणघरात आणि केबिनींच्या सेवेला गोव्याचे ख्रिस्ती. टोळीचा मुख्य तो सारंग, त्याच्या हाताखाली तांडेल, सुकाणूवर उभा राहणारा सुखाणी, दिवे आणि कोठार सांभाळणारा कसाब, रांधणारा भंडारी, भट्टीवरचा आगवाला आणि त्याला कोळसा पुरवणारा कोलसावाला. सारंग बहुतेक वेळा आपल्याच पंचक्रोशीतली माणसं घेऊन जाई. त्यामुळे एक बोट बुडाली की एकाच खाडीकाठच्या दोन-तीन वाड्यांत एकदम रडारड होई. तुमच्या आजीच्या वेळी शेजारच्या घरातूनही कोणी ‘त्याच बोटीवर’ गेलं होतं का, हे गावातल्या म्हाताऱ्यांना जरूर विचारा. नाव शोधायला याच्याइतका चांगला धागा नाही.

जहाजावर कोण कुठे काम करतो यावर कोण वाचणार हेही बरंचसं ठरत असे. टॉर्पेडो लागतो पाण्याच्या रेषेखाली, आणि इंजिनखोली असते तिथेच. भट्टीजवळ चार-चार तास पाळी करणाऱ्याला वर येण्यासाठी लोखंडी शिड्या चढाव्या लागत. दिवे गेलेले, वाफेचे नळ फुटलेले. डेकवरच्या माणसाला निदान उडी तरी मारता येई. पी अँड ओ कंपनीची ‘पर्शिया’ ही मुंबईला यायला निघालेली बोट ३० डिसेंबर १९१५ रोजी क्रीट बेटाजवळ एका जर्मन पाणबुडीने बुडवली, ती ऐन दुपारच्या जेवणाच्या वेळी. काही मिनिटांत बोट दिसेनाशी झाली. साडेतीनशेच्या जवळपास माणसं गेली. या बोटीची गोष्ट सांगताना हटकून सांगितलं जातं ते हे, की कपूरथळ्याचे महाराज आधीच मार्सेयला उतरले होते आणि त्यांचं जवाहीर बोटीवरच राहिलं होतं. ताटं वाढणारे गोवेकर आणि खाली भट्टीवर असलेले आगवाले यांच्याबद्दल त्या गोष्टीत फारसं काही नसतं.

आणि हे सगळं दूर कुठेतरी चाललं होतं असंही समजू नका. १९१७ च्या फेब्रुवारीत ‘वोल्फ’ नावाच्या जर्मन जहाजाने मुंबईच्या तोंडाशी गुपचूप पाणसुरुंग पेरले. त्यांतल्या एकावर आदळून पी अँड ओचीच ‘मंगोलिया’ जून महिन्यात, ऐन पावसाळ्याच्या तोंडावर, मुंबईच्या दक्षिणेला बुडाली. म्हणजे आपल्या कोकणासमोरच. दुसऱ्या महायुद्धात, १९४० च्या जूनमध्ये, हिंदी नौदलाचं ‘पठाण’ हे गस्तीचं जहाजही मुंबईजवळच गेलं.

दुसऱ्या महायुद्धाचा सगळ्यात वाईट हिशेब उत्तर अटलांटिकमध्ये झाला. १७ सप्टेंबर १९४० च्या रात्री ‘सिटी ऑफ बनारस’ ही बोट बुडाली. मुळात ही मुंबईच्या मार्गासाठी बांधलेली बोट, तेव्हा चालली होती लिव्हरपूलहून कॅनडाला. बाँबहल्ल्यांपासून वाचवण्यासाठी पाठवलेली ९० इंग्रज मुलं तिच्यावर होती, त्यांतली ७७ गेली. ही गोष्ट ब्रिटनमध्ये घराघरांत ठाऊक आहे. त्याच रात्री शंभरेक लास्करही गेले, हे मात्र बराच काळ तळटीपेत राहिलं. या बोटीची १२ नंबरची होडी आठ दिवस समुद्रात भरकटत होती. तिच्यात ४६ माणसं होती, पैकी सहा मुलगे आणि मुलांना सांभाळणारी एक बाई. पुस्तकांतून ती होडी या सात जणांची म्हणून ओळखली जाते. प्रत्यक्षात तिच्यातली बहुतेक माणसं लास्कर होती. पातळ सुती कपड्यांत सप्टेंबरातलं अटलांटिक काढणारी.

आणि हे कितीच्या पगारावर? १९३९ मध्ये युद्ध सुरू झालं तेव्हा गोऱ्या खलाशाला महिन्याला साधारण साडेनऊ पौंड मिळत, लास्कराला दोन पौंडांच्याही आत. त्या वर्षीच्या शरद ऋतूत लंडन, ग्लासगो आणि इतर बंदरांत हिंदी खलाशांनी बोटी चालवायला साफ नकार दिला. पगार दुप्पट करा, युद्धाचा भत्ता द्या, ही त्यांची मागणी. अनेकांना तुरुंगात टाकलं. पण बोटी नाहीत तर धान्य नाही, हे लंडनलाही कळत होतं. पगार वाढले; बरोबरी मात्र झाली नाही. खुद्द ब्रिटिश खलाशाचाही पगार बोट बुडाली की त्या दिवसापासून बंद होई, १९४१ पर्यंत. होडीत बसून दिशा शोधणारा माणूस मालकाच्या लेखी ‘कामावर नाही’. व्यापारी कंपन्यांचा हा काटेकोरपणा वाचला की मला अजून चीड येते.

दुसऱ्या महायुद्धात हिंदी खलाशांपैकी सुमारे ६,६०० मेले, हजाराच्या वर जखमी झाले आणि बाराशेच्या आसपास शत्रूच्या कैदेत पडले. पहिल्या महायुद्धातल्या मृतांचा आकडा सुमारे ३,४०० असा दिला जातो.

आता नावांकडे येऊ. लंडनला टॉवर हिलवर व्यापारी खलाशांचं भव्य स्मारक आहे. पहिल्या महायुद्धाचा भाग एडविन ल्युटेन्सने केला, तोच नवी दिल्ली बांधणारा. दुसऱ्या महायुद्धाचा भाग १९५५ मध्ये त्याला जोडला. तिथे नावं बोटीच्या नावाखाली कोरली आहेत. ‘सिटी ऑफ बनारस’चीही आहेत. पण त्याच बोटीवरचे आगवाले आणि सारंग तिथे नाहीत. ते मुंबईच्या आणि चितगावच्या वहीत. कप्तान आणि भंडारी एका भोकातून आलेल्या पाण्यात बुडाले, पण नावं दोन खंडांत वाटली गेली. युद्धात मेलेल्या प्रत्येकाला हुद्दा, जात, धर्म न पाहता सारखाच मान द्यायचा, हे तत्त्व उराशी धरून १९१७ मध्ये वॉर ग्रेव्ह्ज कमिशनची स्थापना झाली होती. आशियाई आणि आफ्रिकी माणसांच्या बाबतीत हे तत्त्व पुष्कळदा पाळलं गेलं नाही, अशी कबुली याच कमिशनच्या समितीने २०२१ च्या अहवालात दिली. पहिल्या महायुद्धातले निदान एक लाख सोळा हजार आणि कदाचित साडेतीन लाखांपर्यंत लोक नावानिशी नोंदलेच गेले नाहीत, किंवा अजिबात नोंदले गेले नाहीत, असं ती समिती म्हणते. त्या तुलनेत खलाशांची यादी होणं हे नशीबच. माझ्या मते याला एक साधं कारण आहे. बोटीवर चढताना प्रत्येकाचं नाव करारावर लिहिलं जात असे, पगार द्यावा लागतो म्हणून. हमालांच्या आणि खेचरवाल्यांच्या पलटणींत जे नीट झालं नाही ते बोटींवर हिशेबनीसाने करून ठेवलं होतं.

तुमच्या पणजोबांसाठी मी काय करीन ते सांगतो. कमिशनच्या संकेतस्थळावर नावाने शोध घेता येतो, पैसे पडत नाहीत. आधी घरातून बोटीचं नाव काढा. जुनं पत्र, मनिऑर्डरची पावती, फोटोच्या पाठीवरची ओळ, काहीही चालेल. खलाशाची नली, म्हणजे त्याच्या नोकरीच्या नोंदींची पुस्तिका, मिळाली तर काम झालंच, पण ती बहुधा त्याच्याबरोबरच बुडालेली असते. आडनावाने शोधू नका. कारकुनांनी कोकणी माणसाचं नाव लिहिताना पुष्कळदा फक्त त्याचं आणि बापाचं नाव लिहिलं, आणि इंग्रजीत ते कानाला लागेल तसं. इब्राहिम किंवा हुसेन हे नाव पाच तऱ्हांनी लिहिलेलं सापडेल. बोट आणि तारीख जुळली तर स्पेलिंग माफ करा. काही नोंदींत बापाचं, बायकोचं आणि गावाचंही नाव असतं.

शोधून नाव नाही सापडलं, तर त्याचा अर्थ पणजोबा गेले नाहीत असा नव्हे. नौदलातला माणूस युद्धकाळात नोकरीत असताना कशानेही मेला, तापाने मेला तरी, कमिशन त्याला युद्धात मृत मानतं. व्यापारी बोटीवरच्या माणसाचा मृत्यू मात्र शत्रूच्या कारवाईमुळे किंवा युद्धाच्या कारणाने झालेला असावा लागतो. अंधारात दिवे न लावता चालणाऱ्या बोटीच्या फळक्यात कोणी पडला, किंवा अटलांटिकच्या थंडीत न्यूमोनियाने गेला, तर तो कुठल्या रकान्यात घालायचा हे कागदावर ठरे. आजीला ‘बोटीसकट गेले’ हे ठामपणे माहीत होतं, ही म्हणूनच फार महत्त्वाची माहिती आहे.

प्रश्न : बुडालेल्या जहाजातून सोनं-चांदी वर काढतात असं वाचलं. मग तिथल्या माणसांचं काय? असं जहाज म्हणजे कबर नव्हे का? – एक वाचक, ठाणे

तुमचा प्रश्न वाचताना मला ‘तिलावा’ आठवली. ब्रिटिश इंडिया कंपनीची ही बोट २० नोव्हेंबर १९४२ रोजी मुंबईहून मोंबासा आणि दरबानकडे निघाली. साडेनऊशेच्या वर माणसं होती, त्यांतली सातशेहून अधिक प्रवासी, बहुतेक गुजराती आणि इतर हिंदी कुटुंबं, आफ्रिकेत घरदार असलेली. २३ तारखेच्या पहाटे जपानी पाणबुडीने पहिला टॉर्पेडो मारला. बोट लगेच बुडाली नाही. ती तरंगतेय हे पाहून होड्यांत उतरलेले काही जण परत वर चढले आणि थोड्या वेळाने दुसरा टॉर्पेडो आला. २८० माणसं गेली. उरलेल्यांना ‘बर्मिंगहॅम’ ही युद्धनौका आणि ‘कार्थेज’ ही बोट यांनी उचललं आणि मुंबईला परत आणलं.

बोटीच्या पोटात चांदीच्या २,३६४ विटा होत्या, दक्षिण आफ्रिकेला नाणी पाडण्यासाठी पाठवलेल्या. सुमारे ६० टन. २०१७ मध्ये एका कंपनीने अडीच किलोमीटर खोलीवरून त्या वर काढल्या आणि ब्रिटनला नेल्या. मग चांदी कोणाची, काढण्याची मजुरी कोणी द्यायची, यावर खटला उभा राहिला. तो ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०२४ च्या मे महिन्यात दक्षिण आफ्रिकेच्या बाजूने निकाल लागला. निकालपत्र वाचनीय आहे. सरकारी चांदी ही युद्धकाळात व्यापारी मालच होती का, अशा प्रश्नाचा त्यात कीस पाडलेला आहे. २८० माणसांचा त्या वादाशी कायद्याने संबंध नव्हता, त्यामुळे त्यांच्याविषयी तिथे काही असण्याची अपेक्षाही नाही. त्यांच्यासाठी मुंबईत पहिला मोठा स्मृतिमेळावा झाला तो बोट बुडाल्याला ८० वर्षं झाली तेव्हा, २३ नोव्हेंबर २०२२ रोजी, बॅलार्ड इस्टेटमध्ये. तोही सरकारने नव्हे, वाचलेल्यांच्या आणि गेलेल्यांच्या कुटुंबांनी जमून केला. वर सांगितलेल्या वहीत प्रवासी नसणार, ती खलाशांची वही आहे. म्हणून हा मेळावा मला जास्त मोलाचा वाटतो.

कबरीबद्दल विचाराल तर, ब्रिटनमध्ये १९८६ चा एक कायदा आहे, लष्करी सेवेत बुडालेल्या जहाजांना हात लावू नये असा. व्यापारी बोट ‘लष्करी सेवेत’ धरायची का यावर बराच वाद झाला. ‘स्टोरा’ ही मालवाहू बोट १९४३ मध्ये ताफ्यातून जाताना बुडाली होती. तिच्यासंबंधी तिथल्या अपील न्यायालयाने २००६ मध्ये सांगितलं, की ताफ्यात, आरमाराच्या हुकमाखाली चालणारी व्यापारी बोटही अशा सेवेत असू शकते. म्हणजे उत्तर बोटीगणिक बदलतं. एकट्यादुकट्या चालणाऱ्या ‘तिलावा’सारखीला त्या निकालाचा आधार सहज मिळेल असं मला वाटत नाही.

प्रश्न : ‘मराठा’ नावाची युद्धनौका बर्फाच्या समुद्रात बुडाली, असं आमच्या ग्रुपवर फिरत होतं. त्यावरचे खलाशी मराठी होते का? – एक वाचक, सातारा

नौका खरी, बुडाली हेही खरं, पण खलाशी ब्रिटिश होते. ‘एच. एम. एस. मराठा’ ही ब्रिटिश आरमाराची विनाशिका. बांधणीच्या काळात तिचं नाव ‘मार्क्समन’ होतं, ते बदलून ‘मराठा’ केलं. २५ फेब्रुवारी १९४४ रोजी रशियाला माल नेणाऱ्या ताफ्याचं रक्षण करताना बॅरेंट्स समुद्रात एका जर्मन पाणबुडीने तिला बुडवलं. त्या पाण्यात माणूस काही मिनिटंच तग धरतो. २२० जण गेले, वाचलेले वीसही नव्हते.

अशी नावं ब्रिटिश आरमाराला आवडत. ‘सीख’, ‘पंजाबी’, ‘गुरखा’ याही विनाशिका होत्या आणि त्या सगळ्या याच युद्धात बुडाल्या. एक ‘गुरखा’ १९४० मध्ये बुडाली म्हणून तेच नाव दुसरीला दिलं, तर तीही १९४२ च्या जानेवारीत बुडाली. ग्रुपवर फिरवायचंच असेल तर ‘बंगाल’ची गोष्ट फिरवा. ती हिंदी नौदलाची होती आणि तिच्यावर आपली माणसं होती. त्या नौदलाच्या जुन्या भरतीत रत्नागिरीकडच्या मुसलमान खलाशांचा मोठा भरणा असे.

‘बंगाल’ म्हणजे सुरुंग काढणारं छोटं जहाज. सातशे टनांच्या आसपास वजन, तोफ म्हणावी अशी एकच, तीही तीन इंची. ११ नोव्हेंबर १९४२ रोजी ती ‘ओंडिना’ या डच तेलवाहू बोटीला सोबत करत ऑस्ट्रेलियाहून निघालेली असताना हिंदी महासागरात समोर दोन जपानी जहाजं आली. प्रत्येकी दहा हजार टनांवर आणि तोफांनी भरलेली. ‘बंगाल’च्या कप्तानाने ‘ओंडिना’ला पळायला सांगितलं आणि स्वतः सरळ शत्रूवर चाल केली. ‘ओंडिना’ काही पूर्ण पळाली नाही, तिच्या एकुलत्या तोफेनेही गोळे सोडले. जपान्यांचं ‘होकोकु मारू’ पेटलं, स्फोट झाला आणि ते बुडालं. ते कोणाच्या गोळ्याने, हा वाद अजून चालतो; बहुतेक इतिहासकारांचं माप डच बोटीच्या पदरात पडतं. ‘ओंडिना’चा कप्तान मारला गेला. तिच्या होड्यांवर दुसऱ्या जपानी जहाजाने मशीनगनही चालवली. तरी दोन्ही बोटी शेवटी बंदराला लागल्या. माप कोणाच्याही पदरात पडो, त्या एका तोफेच्या जिवावर पुढे जाणं हा प्रकार काही साधा नव्हे.

प्रश्न : नौदल दिन ४ डिसेंबरला असतो. युद्धात गेलेल्या व्यापारी खलाशांसाठी असा दिवस आहे का? – एक वाचक, मडगाव

५ एप्रिलला आपण राष्ट्रीय सागरी दिन पाळतो, पण तो युद्धाचा नाही. १९१९ मध्ये त्या दिवशी सिंदिया कंपनीची ‘लॉयल्टी’ मुंबईहून लंडनला निघाली, हिंदी मालकीची बोट गोऱ्या कंपन्यांच्या मार्गावर. तो उद्यमाचा दिवस. ४ डिसेंबर हा १९७१ मधल्या कराचीवरच्या हल्ल्याचा, म्हणजे विजयाचा. त्याच्या पाच दिवसांनी, ९ डिसेंबरला, दीवजवळ ‘खुकरी’ गेली. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक. दीवला समुद्राकडे तोंड करून उभं असलेलं तिचं स्मारक पाहण्यासारखं आहे, काचेच्या घरात जहाजाची प्रतिकृती ठेवली आहे. तेही नौदलाचंच.

ब्रिटनमध्ये २००० पासून ३ सप्टेंबर हा व्यापारी खलाशांचा दिवस मानतात. १९३९ मध्ये त्याच तारखेला युद्ध जाहीर झालं आणि काही तासांतच ‘अथेनिया’ ही प्रवासी बोट जर्मन पाणबुडीने बुडवली. युद्धातला पहिला मार व्यापारी बोटीला बसला, म्हणून ती तारीख. त्या देशातही खलाशांना हा मान उशिराच मिळाला. युद्धाच्या काळात गणवेश नसल्यामुळे रजेवरच्या खलाशाला रस्त्यात लोक घाबरट म्हणून हिणवत. शेवटी कोटावर लावायला ‘एमएन’ अक्षरांचा छोटा बिल्ला द्यावा लागला.

गोव्याच्या घरात तर दोन अडचणी. गेलेला माणूस पोर्तुगालची प्रजा, पोर्तुगाल दुसऱ्या महायुद्धात तटस्थ आणि बोट इंग्रजांची. त्यामुळे लिस्बनला त्याचं सोयर ना सुतक, आणि लंडनच्या दगडावर त्याचं नाव नाही. तुमच्याकडे असं कोणी असेल तर पहिल्या उत्तरात सांगितलेली वही तुमच्याही कामाची आहे. बोटीवर चढताना तो मुंबईत करारावर सही किंवा अंगठा करून गेलेला असला, तर शोध तिथूनच सुरू करा आणि हुद्द्याच्या जागी स्टुअर्ड किंवा पँट्रीमन पाहा. दिवस मात्र आपल्याकडे नेमलेला नाही. वहीत बहुतेक नावांपुढे मृत्यूची तारीख दिलेली असते, घरच्यांना ती पुरेशी आहे.